प्राचीन नाणं कधी घ्यायचं, कधी विकायचं: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

"काका, हे क्षत्रपाचं नाणं परवा घेतलं. जास्त पैसे तर गेले नाहीत ना?" नाशिकमध्ये नवीन संग्राहक भेटला की दहापैकी आठ वेळा संभाषण इथूनच सुरू होतं. प्रश्न रास्त आहे, पण तो परवाच्या आदल्या दिवशी विचारायला हवा होता. विकणाऱ्यांचंही तेच. फी भरायची तारीख आली की नाणी काढायची ठरतात, मग पाकिटं शोधली जातात, आणि कितीला घेतलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी नाण्यावर जीव जडतो, मग पैसे दिले जातात, मग भाव विचारला जातो आणि सगळ्यांत शेवटी नाणं खरं आहे का हे पाहिलं जातं. हा क्रम बरोबर उलटा हवा. पुढचं सगळं प्राचीन नाण्यांबद्दल आहे: आहत (धातूच्या तुकड्यावर चिन्हांचे ठसे मारलेली), आणि सातवाहन, क्षत्रप, कलचुरी या जुन्या राजघराण्यांची. शिवराई किंवा ब्रिटिश रुपयाचा बाजार वेगळा चालतो.

१. तयारी: पैसे बाजूला काढण्याआधी

चार वस्तू लागतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक जाड वही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंगाचं काम भागवू नका. कॅमेरा सावल्या गुळगुळीत करतो आणि नेमकं जे दिसायला हवं तेच लपवतो.

त्यानंतर निदान दोन-तीन महिने काहीही न घेता फक्त बघा. त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली. तिथं संग्रहालय आहे. फोन करून वेळ घ्या आणि जा. खऱ्या नाण्याची कड, झीज आणि चांदीचा मळकट करडेपणा एकदा डोळ्यांत बसला की बाजारातलं नवं ओतलेलं नाणं लगेच खटकायला लागतं. प्रदर्शनातल्या टेबलांवर फिरून हे शिकता येत नाही, कारण तिथं प्रत्येक नाण्यामागं विकणारा उभा असतो.

आता पैशाबद्दल. पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे संघांकडं, ठेवल्याचा लेख आहे: २,००० दरमहा शेकडा १ व्याजानं, १,००० शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट. नाणी व्याज देत नाहीत, पण मुद्दलाला हात न लावण्याची अट तुम्हालाही तशीच पाळावी लागते. पाच वर्षं लागणार नाहीत एवढेच पैसे यात घाला.

*सावधान:* क्रेडिट कार्डावर नाणं घेऊ नका. हप्ता थकला की तेच नाणं सगळ्यांत वाईट वेळी विकावं लागतं.

२. विषय ठरवा

एका ओळीत लिहा. "नाशिक परिसरात चाललेली चांदीची नाणी, क्षत्रप नहपान ते कलचुरी कृष्णराज" हा विषय झाला. "जुनी नाणी" हा विषय नव्हे. विषय नसला की प्रत्येक नाणं घेण्यासारखं वाटतं आणि विकताना तो संग्रह न दिसता नुसता ढीग दिसतो.

३. कायद्याची चाळणी

ही चाळणी भावाच्या आधी. चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

१९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानं १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते तुम्ही बाळगू शकता, देशात घेऊ-विकू शकता. पण व्यवसाय म्हणून पुरावस्तू विकणाऱ्याकडं परवाना हवा. तो मागा. मागायला लाजू नका.

खासगी व्यक्तीला असं नाणं देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशातला गिऱ्हाईक दुप्पट देतो म्हणाला तरी पाकीट पोस्टात टाकू नका. शिक्षा किमान ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि वर दंड.

शेतात, वाड्याच्या पायात किंवा विहिरीच्या खोदकामात गाडगं सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. १० रुपयांहून जास्त किमतीचं काहीही असलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त नाणी एकत्र मिळाली आणि ती एकत्र अभ्यासता आली, म्हणून सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाची नाणी केवढ्या प्रमाणावर स्वतःची छाप मारून पुन्हा ठोकली हे आज आपल्याला माहीत आहे. गाडगं रातोरात वाटलं गेलं की ही माहिती कायमची गेली. म्हणून "बागलाणात नुकतं निघालंय, अजून कुणाला माहीत नाही" असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. नाणं कितीही देखणं असलं तरी निघा.

चौथी गोष्ट रोखीची. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. छोटे व्यवहारही बँकेतून करा. विकताना हीच नोंद उपयोगी पडते.

*तपासा:* विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नाण्याचं वर्णन असलेली पावती मिळणार आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जायचंच नाही.

४. खरं की खोटं

इथं घाई अजिबात चालत नाही.

*वजन.* क्षत्रपांचा चांदीचा द्रम्म साधारण २ ते २.४ ग्रॅम भरतो. कृष्णराजाचं बैलाचं नाणं २ ग्रॅमच्या आसपास. मौर्यकाळातलं चांदीचं आहत नाणं ३.४ ग्रॅमच्या आतबाहेर. झिजलेलं नाणं हलकं असणार, ते ठीक. पण कोरं करकरीत दिसणारं नाणं झिजलेल्याइतकं हलकं भरलं तर शंका घ्या.

*कड.* छापेआधी कड बघा, कारण खोटं करणारा सगळी मेहनत छापेवर घेतो. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या दोन अर्धांचा बारीक सांधा दिसतो, किंवा तो कानशीनं घासल्याचे समांतर ओरखडे दिसतात. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे असतात. ते हवेच्या बुडबुड्यांचे. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावलेल्या वाटतात. ठोकलेल्या नाण्यावर अक्षराची बाजू उभी चढते आणि धातू बाहेरच्या दिशेनं वाहिल्यासारखा दिसतो.

*दोन छापांचं नाणं.* नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्रानं तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह (फुलीनं जोडलेली चार वर्तुळं) ठोकलं. खऱ्या नाण्यात वरची छाप धारदार आणि खालचा चेहरा तिच्याखाली दबलेला दिसतो. कुठं नाकाचं टोक उरलेलं असतं, कुठं ग्रीक अक्षरांचे दोन-तीन दांडे. खालचं आणि वरचं सारखंच मऊ दिसत असेल तर दोन्ही एकाच साच्यातून आलेत.

असंच एक नाणं मी एका प्रदर्शनात रविवारी संध्याकाळी, टेबलं आवरायच्या वेळी घेतलं होतं. कडेला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, छोटी तडा होती. तडा पाहून मला उलट विश्वास वाटला, कारण ठोकताना चकती तडकते हे माहीत होतं. दोन महिन्यांनी दुसऱ्या टेबलावर हुबेहूब तसंच नाणं दिसलं, आणि तडाही तिथंच, तेवढीच. एकाच ठशानं ठोकलेली दोन नाणी सापडू शकतात. एकाच जागी, एकाच आकाराची तडा असलेली दोन नाणी सापडत नाहीत. दोन्ही एकाच साच्याची होती. विकणारा तोवर शहर सोडून गेला होता आणि माझ्याकडं पावती नव्हती.

*पाण्यातलं वजन.* काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण बुडाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा चढेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदी १०.५ च्या जवळ येते, तांबं ९ च्या. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं इथं उघडं पडतं. मात्र २.१० ग्रॅमच्या नाण्याला आकडा ०.२० आला तर उत्तर १०.५, ०.२१ आला तर १०.०. एका शतांशानं एवढा फरक पडतो. म्हणून छोट्या नाण्यासाठी सराफाकडचा मिलिग्रॅमचा काटा वापरा, आणि तीनदा मोजून मधलं उत्तर धरा. शिशाच्या आणि पोटीनच्या (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रणाच्या) नाण्यांना ही परीक्षा लावू नका. मिश्रण नाण्यागणिक बदलतं, त्यामुळं उत्तरातून काही ठरत नाही, आणि भिजवलेलं शिसं खराब होतं ते वेगळंच.

*सावधान:* देवस्थानांच्या आसपास मिळणारी राम-सीतेची, हनुमानाची, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली तांब्याची "नाणी" ही नाणी नव्हेतच. कंपनीनं तशी कधी पाडली नाहीत. "तांदूळ ओढणारं नाणं" ही तर सरळ फसवणूक. जुन्या नाण्याचे लाखो देतो म्हणून आधी नोंदणी शुल्क मागणाऱ्यांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता: बँक अशा व्यवहारात नाही आणि कुणालाही तिनं तसा अधिकार दिलेला नाही.

५. भावाची वही

कधी घ्यायचं हे कळण्यासाठी दुसरं काही हत्यार नाही, ही वहीच आहे. तुमच्या विषयातल्या प्रत्येक प्रकाराला दोन पानं द्या. लिलावांचे निकाल जाहीर होतात, त्यातून प्रत्येक वेळी पाच गोष्टी उतरवा: तारीख, वजन, अवस्था, अंदाजित किंमत आणि प्रत्यक्षात हातोडा कितीवर पडला. न विकलेला लॉटही (लिलावातला नग किंवा गट) लिहा. लोक फक्त विकलेले लिहितात आणि मग सगळे भाव चढेच दिसतात.

डीलरनं सांगितलेली किंमत वेगळ्या शाईनं लिहा. ती मागणी आहे, भाव नव्हे.

तुलना सारख्याशी सारख्याची करा. क्षत्रपांच्या बऱ्याच नाण्यांवर राजाच्या डोक्यामागं शक वर्ष असतं. तेच नाणं, तोच राजा, पण एकावर वर्ष पूर्ण वाचता येतं आणि दुसऱ्यावर ते चकतीच्या बाहेर गेलंय, तर ती दोन वेगळ्या किमतींची नाणी आहेत. मागच्या बाजूला बापाचं आणि मुलाचं अशी दोन्ही नावं वाचता येतात का, छाप मध्यावर बसली आहे का, कुणी नंतर कोरून ठळक केलंय का, हे त्याच ओळीत लिहा.

आणि एक गैरसमज इथंच मोडून टाका. चांदी वाढली की क्षत्रपांची नाणी वाढतात असं नसतं. दोन ग्रॅममध्ये चांदी ती किती! तुम्ही पैसे दुर्मीळपणाचे आणि अवस्थेचे देता.

*तपासा:* एका प्रकाराच्या किमान आठ-दहा नोंदी झाल्या का? त्याआधी "स्वस्त" आणि "महाग" हे शब्द वापरू नका.

६. घ्यायची वेळ

घ्या, जेव्हा एकाच प्रकारची बरीच नाणी एकदम बाजारात आलेली असतात. एखाद्याचा मोठा संग्रह मोडला की सहा महिन्यांत तीच नाणी तीन-चार लिलावांत दिसतात. पहिल्या लिलावात चढाओढ असते. तिसऱ्यापर्यंत हौशी लोकांची भूक भागलेली असते आणि भाव खाली बसतो. तेव्हा थांबलेल्या माणसाला चांगली निवड मिळते.

घ्या, जेव्हा नाणं विषयात बसतं, कायद्याच्या आणि खऱ्या-खोट्याच्या चाळणीतून पार पडतं, आणि वहीतल्या मधल्या भावाच्या आत मिळतं. आणखी एक प्रसंग: तुमच्याकडच्या नाण्यापेक्षा स्पष्ट चांगलं नाणं मिळतंय. मग ते घेतानाच जुनं विकायचं ठरवून टाका. नाहीतर घरात एकाच राजाची सहा मध्यम नाणी जमतात आणि सातवं चांगलं घ्यायला पैसे उरत नाहीत.

थांबा, जेव्हा विकणारा घाई करतो. थांबा, जेव्हा त्याच आठवड्यात तो प्रकार विक्रमी किमतीला गेल्याची बातमी फिरतेय. एका लिलावात दोन हट्टी माणसं भिडली की आकडा फुगतो. पुढच्या वेळी त्यांतला एकच हजर असतो.

अगदी दुर्मीळ नाण्याला हा हिशेब सैल करावा लागतो. दहा-बारा वर्षांत एकदा दिसणारं नाणं वहीतल्या भावापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त देऊन घेतलं तरी मी त्याला चूक म्हणणार नाही. पण वहीनं ते दुर्मीळ ठरवायला हवं, विकणाऱ्यानं नव्हे.

७. बोलीची मर्यादा आदल्या रात्री लिहा

लिलावात हातोडा पडतो त्यावर खरेदीदाराचं कमिशन, जीएसटी आणि टपाल चढतं. प्रत्येक लिलावाचे दर वेगळे, म्हणून अटींचं पान आधी वाचा. समजा सगळं मिळून २० टक्के चढतात. खिशातून १२,००० काढायची तयारी असेल तर तुमची शेवटची बोली १०,०००.

आता हेच नाणं पुढं विकायचं झालं तर काय, हेही त्याच रात्री मांडा. विकणाऱ्याचं कमिशन १० टक्के धरलं, तर १२,००० हातात पडायला हातोडा साधारण १३,३३३ वर पडावा लागतो. म्हणजे तुम्ही जिंकलेल्या बोलीपेक्षा एक तृतीयांश जास्त, तेव्हा कुठं मुद्दल सुटतं. वर्षभरात विकून फायदा कमवू असं म्हणणाऱ्यानं हे गणित आधी स्वतःच्या हातानं करावं.

*सावधान:* "अजून पाचशेच तर आहेत" या वाक्यापाशी थांबा. लिहिलेला आकडा ओलांडायचा नाही.

८. घरी आल्यावर त्याच दिवशी

वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, पावती, आणि पाकिटावर क्रमांक. मऊ वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटात नाणं ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर बसतो. शिशाची सातवाहन नाणी लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्यात ठेवली तर पांढरी भुकटी धरतात. पावसाळ्यात सिलिका जेल बदलत राहा.

आणि लक्ष्मीपूजनाला ही नाणी ताटात मांडायची असतील तर मांडा, पण आदल्या दिवशी चिंच, राख किंवा भांडी घासायची पावडर लावून घासू नका. शेकडो वर्षांत बसलेला थर पाच मिनिटांत जातो, आणि त्याबरोबर किंमतही. घरात हे काम दुसरं कुणी करणार असेल तर त्यांना आजच सांगून ठेवा.

९. विकायचं का, हे आधी

विकायची कारणं माझ्या मते तीनच: नाणं विषयाबाहेर गेलं, त्याहून चांगलं आलं, किंवा संग्रह सांभाळणं आता झेपत नाही. "भाव आलाय" हे एकट्यानं कारण होत नाही. तो भाव गेल्यावर तेच नाणं परत मिळेल का हे वहीत बघा. वर्षातून चारदा दिसणारं असेल तर खुशाल विका. दहा वर्षांत दोनदा दिसलं असेल तर आठवडाभर थांबून पुन्हा विचार करा.

पैशाची नड दिसत असेल तर सहा महिने आधी तयारीला लागा. लिलावात नाणं देणं, यादीत येणं, विक्री होणं आणि पैसे हातात पडणं यात काही महिने सहज जातात. नड अंगावर आल्यावर उरतो तो सराफ बाजार, आणि तिथं नाणं मोडीच्या भावात तोललं जातं. पुढं ते मुशीत वितळतं.

*तपासा:* विकायच्या नाण्याची पावती, फोटो आणि घेतलेली किंमत सापडली का? नफ्यावरच्या करासाठी किती महिने जवळ होतं हे लागतं, म्हणून विकण्याआधी सीएशी बोला.

१०. कुठं विकायचं

साधी, वरचेवर दिसणारी नाणी ओळखीच्या संग्राहकाला किंवा डीलरला द्या. डीलर कमी देणार, कारण माल त्याच्याकडं वर्षभर पडून राहू शकतो. त्याचा राग मानू नका. दुर्मीळ आणि देखणी नाणी लिलावात द्या. मधली नाणी लिलावात एकेकटी टाकलीत तर किमान शुल्कातच हरवतात, त्यांचा राजवार गट करा.

वारसानं आलेला संग्रह असेल तर आधी संपूर्ण यादी करा, मगच दार उघडा. पहिला येणारा चांगली दहा नाणी निवडून "बाकीचं नंतर बघू" म्हणतो, आणि बाकीचं पुढं कुणीच बघत नाही. द्यायचं तर चांगलं-साधं मिसळून द्या.

११. विकायची वेळ आणि राखीव किंमत

तुमच्या प्रकारचं नाणं गेल्या दोन-तीन लिलावांत आलेलं नसेल तो काळ चांगला. त्याच यादीत तसंच, पण तुमच्यापेक्षा चांगलं नाणं असेल तर तुमचं मागं घ्या, पुढच्या वेळी द्या. मोठा संग्रह मोडतोय असं कळलं तर त्याच्या आधी तरी विका, नाहीतर वर्षभर गप्प बसा.

राखीव किंमत, म्हणजे ज्याच्याखाली लिलावात नाणं विकायचं नाही तो आकडा, वहीतल्या मधल्या भावाच्या थोडी खाली ठेवा. वर ठेवलीत तर पहिली बोलीच पडत नाही. खाली ठेवली की दोघं शिरतात आणि आकडा आपोआप चढतो. मात्र ज्या आकड्याला नाणं गेलं तर झोप लागणार नाही, त्याच्याखाली कधीही उतरू नका.

लॉट विकला गेला नाही तर तो लगेच दुसऱ्या लिलावात टाकू नका. याद्या बघणारी माणसं सगळीकडं तीच आहेत, आणि फोटो ओळखतात. नाणं परत आलं की आधी वजन करा, कडेचा फोटो जुन्या फोटोशी ताडून तेच नाणं आलंय याची खात्री करा, वहीत "विकलं नाही" असं तारखेसह लिहा, आणि किमान एक वर्ष ते कुणाला दाखवू नका.